विमा कंपन्यांना अ‍ॅप आवडतं, मग करार का होत नाही?

ठाण्याच्या एका डायबेटॉलॉजिस्ट मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांनी आणि त्यांच्या इंजिनिअर भावाने मधुमेहाच्या पेशंटसाठी मराठी-हिंदीत चालणारं अ‍ॅप केलंय. घरच्या ग्लुकोमीटरची रीडिंग त्यात जातात, गोळी चुकली की आठवण येते, साखर फार वर-खाली झाली की दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञाचा फोन जातो. त्यांच्या स्वतःच्या पेशंटचं एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) चांगलं खाली आलंय. मुंबईतल्या दोन विमा कंपन्यांनी बोलावलं, कौतुक केलं, एकीने सहा महिन्यांचं पायलट, म्हणजे छोटा प्रयोगही केला. पुढे मेलला उत्तर नाही. त्या विचारतात, "पेशंट बरा राहिला तर फायदा विमा कंपनीचाच ना? मग यांना खरंच रस आहे, की नुसतं दाखवायला बोलावतात? जर्मनीत डॉक्टर अ‍ॅप लिहून देतात आणि विमा पैसे भरतो, मग आपल्याकडे का नाही?"

मी बीएचएमएस. अंधेरीच्या एका टीपीएमध्ये (विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणारी संस्था) प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीच्या, डेस्कवर सुरुवात केली, पुढे विमा कंपनीत क्लेम्स, मग अंडररायटिंग (कोणाला, कोणत्या अटींवर पॉलिसी द्यायची ते ठरवणं) आणि आता प्रॉडक्ट. अशा बैठकांमध्ये मी टेबलाच्या कंपनीकडच्या बाजूला बसते. म्हणून सविस्तर लिहिते.

मॅडम, रस आहे. पण तुम्हाला बोलावणारी टीम आणि पैसे देणारी टीम या वेगवेगळ्या असतात. तुम्हाला बोलावते ती बहुतेक वेळा डिजिटल किंवा इनोव्हेशनची टीम. त्यांचं काम नवीन गोष्टी शोधणं आणि पायलट करणं. पायलटपुरते पैसे त्यांच्याकडे असतात, पुढचे नसतात. पुढचे पैसे क्लेम्स, अंडररायटिंग, ग्रुप सेल्स (कंपन्यांना कर्मचाऱ्यांसाठी एकत्रित पॉलिसी विकणारी टीम) किंवा रिटेलच्या, म्हणजे वैयक्तिक पॉलिसींच्या, नूतनीकरणाची टीम यांच्यापैकी कोणीतरी आपल्या बजेटमधून द्यायचे असतात, आणि त्या प्रत्येकाचं वर्षअखेरीचं उद्दिष्ट वेगळं असतं. त्यामुळे विमा कंपनीला आजार टाळायचाय का, यावर विचार करून फार हाती लागत नाही. तुमच्या अ‍ॅपचा फायदा कोणाच्या खात्यात, कोणत्या वर्षी दिसणार, आणि त्याचे पैसे कोणत्या शीर्षाखाली जाणार, याचं उत्तर मिळालं की करार होतो. नाही मिळालं तर सगळ्यांना आवडलेलं पायलटसुद्धा तिथेच थांबतं.

यातलं बरंच काही कंपनीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. फक्त आरोग्य विमा विकणारी कंपनी, मोटर-आग-सागरी सगळं विकणारी जनरल कंपनी आणि सरकारी कंपनी, तिघींची चाल वेगळी. सरकारी कंपनीत टेंडरशिवाय पान हलत नाही आणि टेंडरमधली उलाढालीची अट नव्या कंपनीला सहसा झेपत नाही. मी खाली लिहितेय ते मुख्यतः खाजगी कंपन्यांबद्दल.

आता वेळेचं बघू. यूकेपीडीएस, म्हणजे मधुमेहावरचा तो मोठा ब्रिटिश अभ्यास, तुम्हाला मी सांगायला नको. १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा साखर काटेकोर ठेवलेल्या गटात डोळे-किडनीसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी दिसल्या, पण पाठपुरावा होता साधारण १० वर्षांचा. आपल्याकडे आरोग्य विम्याचा करार बहुतांशी एका वर्षाचा. २०११ पासून पोर्टेबिलिटी आहे, म्हणजे ग्राहक पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत जाऊ शकतो. ग्रुप पॉलिसीत तर अख्खी कंपनीच ब्रोकरने आणलेल्या स्वस्त कोटेशनवर उठून जाते. आज तुम्ही ज्याची किडनी वाचवली, त्याचा दहा वर्षांनंतरचा डायलिसिसचा खर्च वाचणार तो कदाचित दुसऱ्याच कंपनीचा. समाजाच्या दृष्टीने हा फायदा खरा आणि मोठा आहे, पण या मार्चच्या ताळेबंदात तो कुठेच दिसत नाही. मला हे मनापासून खटकतं, तरी ही रचना माहीत असलेली बरी.

दुसरी गोष्ट, आपला मेडिक्लेम जन्मापासूनच हॉस्पिटलात दाखल होण्याशी बांधलेला आहे. १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी तो आणला तेव्हापासून २४ तास दाखल होणं हाच पाया. डे-केअर (२४ तास न राहता होणारे उपचार) आलं, काही पॉलिसींत ओपीडी आलं, तरी मूळ तेच. मधुमेहाचा नव्वद टक्के कारभार मात्र ओपीडीत, मेडिकलच्या दुकानात आणि घरच्या स्वयंपाकघरात चालतो. म्हणजे तुम्ही ज्या खर्चावर काम करता तो खर्च विमा कंपनी मुळात देतच नाही, तो पेशंट खिशातून देतो. साहजिकच तुमच्या अ‍ॅपची फी 'क्लेम' म्हणून देता येत नाही. प्रॉडक्टमध्ये आधीपासून गुंफलेली नसेल तर ती व्यवस्थापन खर्चात जाते. त्या खर्चावर नियामकाची, म्हणजे आयआरडीएआयची, मर्यादा आहे: जनरल कंपन्यांना प्रीमियमच्या ३० टक्के, फक्त आरोग्य विमा करणाऱ्यांना ३५ टक्के. एजंटचं कमिशन, पगार, ऑफिसचं भाडं, जाहिरात सगळं त्यातच. तुमची फी तिथे कमिशनशी स्पर्धा करत असते.

आता प्रत्यक्ष गणित मांडते. आकडे फक्त हिशेबापुरते धरलेत, तुमच्या पायलटमधले खरे आकडे घालून पाहा. समजा कंपनीकडे एक हजार मधुमेही ग्राहक आहेत. त्यातले ८० जण वर्षभरात दाखल होतात, सरासरी क्लेम ८० हजारांचा. एकूण ६४ लाख. तुमची फी माणशी वर्षाला २,००० रुपये, म्हणजे २० लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २३ लाख ६० हजार. हजारातले ३०० जण तुमचं अ‍ॅप खरोखर वापरतात आणि त्यांच्या दाखल होण्यात १० टक्के घट होते असं समजू. ६४ लाखांचे ३० टक्के म्हणजे १९ लाख २० हजार, त्याच्या १० टक्के म्हणजे १ लाख ९२ हजार. साडेतेवीस लाख घालून दोन लाख वाचले. आणि ही दहा टक्के घटसुद्धा उदार आहे, कारण त्या ८० दाखल झालेल्यांमध्ये डेंग्यू असतो, मोतीबिंदू असतो, जिन्यावरून पडून मोडलेलं खुब्याचं हाड असतं. मधुमेह्याचा प्रत्येक क्लेम मधुमेहाचा नसतो. क्लेम्सचा माणूस तुमचं सादरीकरण बघताना मनात हेच गणित करत असतो, बोलून दाखवत नाही इतकंच.

जीएसटीचा मुद्दा वेगळा सांगते, कारण तो नवा आहे आणि स्टार्टअपवाल्यांच्या लक्षात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसींच्या प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी गेला. ग्राहकासाठी चांगलंच झालं. पण विक्रीवर कर नाही म्हटल्यावर कंपनीला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तुमच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी रिटेल पॉलिसीसाठी सरळ खर्च झाला. ग्रुप पॉलिसीवर कर अजून आहे, तिथे वजावट मिळते. हे एक कारण, आणि पुढे आणखी येतील, ज्यांमुळे मी तुम्हाला आधी ग्रुपकडे जा म्हणेन.

तेच गणित दुसऱ्या गटावर करून पाहा. डायबेटिक फूट किंवा हार्ट फेल्युअरमुळे दाखल होऊन नुकतेच घरी गेलेले १०० जण घ्या. समजा त्यातले ३० वर्षभरात पुन्हा दाखल होतात, क्लेम दीड लाखाचा. एकूण ४५ लाख. यातले ६० जण अ‍ॅप आणि फोन दोन्ही नीट वापरतात, कारण ते आणि घरचे घाबरलेले असतात. त्यांच्यात २० टक्के घट झाली तर ५ लाख ४० हजार वाचले. तुम्ही फी तिप्पट केली, माणशी ६,०००, पण फक्त वापरणाऱ्यांची घेतली, तर करासकट सव्वाचार लाख. कंपनीला लाखभर उरले, आणि ते त्याच वर्षात दिसले. अ‍ॅप तेच. बदललं ते इतकंच की कोणाला दिलं आणि फी कशावर लावली.

पायलटबद्दल. तुमच्या पायलटमध्ये काय झालं असेल याचा मी अंदाज करू शकते, कारण तसं पुन्हा पुन्हा होताना बघितलंय. कंपनीने एका मोठ्या ग्रुपच्या कर्मचाऱ्यांना मेल पाठवला असेल. पस्तिशीतल्या, आधीच धावायला जाणाऱ्या, नुकतंच प्रीडायबेटिस निघालेल्या मंडळींनी अ‍ॅप उतरवलं असेल. त्यांनी उत्साहाने रीडिंग टाकली. इकडे त्याच ग्रुप पॉलिसीतले मोठे क्लेम कोणाचे होते? आई-वडिलांचे. पनवेलला किंवा साताऱ्याला राहणारी सासष्ट वर्षांची आई, इन्सुलिनवर आहे, तिचा फोन साधा, आणि कंपनीच्या मेलशी तिचा काही संबंध नाही. अ‍ॅप मुलाच्या फोनमध्ये, क्लेम आईचा. जिथे पैसा जातोय तिथे अ‍ॅप पोचतच नाही, म्हणून सहा महिन्यांनी क्लेमचा आकडा जागचा हलत नाही.

आणि हलला तरी आम्ही लगेच विश्वास ठेवत नाही, याचं कारण आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेलनेस कार्यक्रम कोणाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. भाग घेणारे विरुद्ध न घेणारे अशी साधी तुलना केली की भाग घेणाऱ्यांचा खर्च कमी दिसायचा. चिठ्ठीप्रमाणे पडलेल्या गटांची तुलना केली तेव्हा वैद्यकीय खर्चात फरक सापडला नाही. जे भाग घेतात ते आधीपासूनच कमी खर्चाचे असतात. तुमच्या दवाखान्यातलं एचबीए१सी खाली आलं, हे मी खरं मानते. पण ते अ‍ॅपमुळे आलं, तुमच्यासारखी लक्ष घालणारी डॉक्टर असल्यामुळे आलं, की मुळातच मन लावणारे पेशंट अ‍ॅपवर आल्यामुळे आलं, हे तुमच्या आकड्यांतून सांगता येत नाही. अ‍ॅक्चुअरी (जोखमीचं गणित मांडणारा विमा कंपनीतला तज्ज्ञ) नेमका तिथेच बोट ठेवतो.

परदेशाचं उदाहरण तुम्ही दिलंय ते खरं आहे. जर्मनीत २०१९ च्या अखेरीस कायदा झाला, २०२० च्या ऑक्टोबरपासून पहिली अ‍ॅप यादीत आली. डॉक्टर ती लिहून देतो आणि वैधानिक विमा निधीला पैसे द्यावेच लागतात. तिथे सुमारे सात कोटींहून जास्त लोक या वैधानिक विम्यात आहेत आणि ओपीडीसकट सगळा खर्च तोच निधी उचलतो. अ‍ॅपने ओपीडीचा, औषधांचा, दाखल होण्याचा कुठलाही खर्च वाचवला तरी तो त्यांचाच. शिवाय पुरावा अपुरा असेल तर बारा महिन्यांची तात्पुरती यादी, त्यात तो गोळा करायचा. पहिल्या वर्षी किंमत अ‍ॅपवालाच ठरवतो, यावर तिथल्या विमा निधींच्या संघटनेने जाहीर तक्रार केलेली आहे. म्हणजे विमावाल्यांनी ते स्वतःहून आनंदाने घेतलं असं तिथेही नाही. कायद्याने घ्यायला लावलं.

जिथे कायद्याने लावलं नाही तिथे काय होतं ते अमेरिकेत दिसलं. पेअर थेराप्युटिक्सला व्यसनमुक्तीच्या सॉफ्टवेअरसाठी २०१७ मध्ये तिथल्या एफडीएची मान्यता मिळाली, डॉक्टरांनी ते लिहूनही दिलं, पण विमा कंपन्यांनी पुरेसे पैसे दिले नाहीत आणि एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मधुमेहाच्या डिजिटल साधनांवर पीटरसन हेल्थ टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटचा मार्च २०२४ चा अहवाल तुम्ही वाचायलाच हवा. बहुतेक साधनांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा फारसा क्लिनिकल फायदा दिला नाही आणि खर्च मात्र वाढवला, असा त्याचा निष्कर्ष आहे. मुंबईतल्या कुठल्याही बऱ्या कंपनीच्या प्रॉडक्ट टीमने तो वाचलेला असतो. त्यांनी विषय काढायच्या आधी तुम्हीच काढा आणि तुमचं अ‍ॅप त्यांपेक्षा कशात वेगळं आहे ते सांगा.

मग विमा कंपन्या डिजिटल घेतच नाहीत का? भरपूर घेतात, आणि झपाट्याने घेतात. क्लेम्सचंच बघा. मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या मास्टर सर्क्युलरने कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितली. तीन तासांपुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीच्या भागधारकांच्या निधीतून. डोंबिवली-कल्याणकडच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये हे कसं चालतं ते सांगते. डॉक्टर राउंडला येऊन "आज सोडू" म्हणतात. डिस्चार्ज समरी हाताने लिहिली जाते, कॅशलेसचं काम बघणारा मुलगा फोनवर फोटो काढून पोर्टलवर चढवतो. फोटोत कोपऱ्यातली तारीख कापली जाते. इकडे आमचा डॉक्टर क्वेरी टाकतो, मधुमेह किती वर्षांपासून, पहिल्या निदानाचा कागद पाठवा. नातेवाईक सकाळपासून बाकावर बसलेले, पेशंट कपडे बदलून तयार, आणि तो पहिला कागद घरी कपाटात किंवा कुठेच नाही. या गोंधळातला एक तास वाचवणारं काहीही कंपनी आज विकत घेईल: कागद वाचणारं सॉफ्टवेअर, बिलातल्या दुहेरी नोंदी पकडणारं, खोट्या क्लेमचा वास काढणारं. कारण फायदा त्याच महिन्यात मोजता येतो. सरकारने उभारलेल्या नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंजचा उद्देशही हाच, की हॉस्पिटल आणि कंपनी एकाच साच्यात माहिती पाठवतील. मोठी हॉस्पिटलं त्यात येत आहेत, छोट्या नर्सिंग होमना वेळ लागणार.

अंडररायटिंगमध्येही तसंच. पूर्वी पन्नाशीच्या पुढच्या माणसाला मेडिकलसाठी सेंटरवर पाठवावं लागायचं, आता बरंचसं फोनवरच्या किंवा व्हिडिओवरच्या तपासणीत होतं. चेहरा स्कॅन करून रक्तदाब सांगणारी साधनंही दाखवायला आणतात. माझं मत विचाराल तर पॉलिसी द्यायची की नाही हे त्यावर ठरवू नये. टेलिमेडिसिनला तर दारच आपोआप उघडलं. मार्च २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली, जूनमध्ये आयआरडीएआयने सांगितलं की पॉलिसीत डॉक्टरी सल्ल्याचा खर्च बसत असेल तर टेलिमेडिसिनचाही द्या. आज फोनवरचा सल्ला जवळजवळ प्रत्येक पॉलिसीबरोबर येतो, तो प्रत्यक्षात किती जण वापरतात हा भाग निराळा.

वेलनेसचं दार तुमच्या सगळ्यात जवळचं. दक्षिण आफ्रिकेत डिस्कव्हरी या विमा कंपनीने १९९७ मध्ये व्हायटॅलिटी हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून व्यायामाला बक्षीस ही कल्पना जगभर फिरली. आपल्याकडे आदित्य बिर्ला हेल्थ पावलं आणि जिमच्या हजेरीवर प्रीमियमचा भाग परत देते. सप्टेंबर २०२० च्या आयआरडीएआयच्या नियमांनी नूतनीकरणात सवलत, गुण, व्हाउचर यांना परवानगी दिली, पण त्याचा अपेक्षित खर्च प्रॉडक्टच्या किमतीत आधीच धरायला लावला. इथे मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. पावलांची बक्षिसं तरुण, निरोगी ग्राहकाला टिकवून ठेवतात. कंपनीला तो हवाच असतो. गुडघे धरलेल्या, दम लागणाऱ्या मधुमेही बाईला दहा हजार पावलं झेपत नाहीत, आणि खरी गरज तिची आहे. तुमचं अ‍ॅप तिच्यासाठी आहे. म्हणून ते "वेलनेस" म्हणून विकायला जाऊ नका, ते पावलांच्या रांगेत उभं राहील आणि हरेल.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: कंपनीला वर्षाच्या आत मोजता येणारं काही दिलंत तर ती घेते, तुमच्या अ‍ॅपचा फायदा आज तसा मांडलेला नाही, आणि तो तसा मांडता येतो.

पण त्याआधी माहितीच्या प्रश्नावर थांबायला हवं, कारण मला याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. ज्या नोंदीमुळे वरच्या नर्सिंग होममधल्या पेशंटचा क्लेम पटकन सुटला असता, तीच नोंद दुसऱ्याचा क्लेम अडवू शकते. पॉलिसी घेताना "मधुमेह नाही" असं लिहिलेल्या माणसाची तुमच्या अ‍ॅपवर त्याआधीची रीडिंग असतील, आणि ती क्लेम्सच्या डॉक्टरला दिसली, तर पहिली पाच वर्षं माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येतो. साठ महिन्यांनंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज तसं करता येत नाही. पेशंटला हे कायद्याच्या भाषेत माहीत नसलं तरी आतून कळतं. "ही माझी साखर कंपनीला कळवते का हो?" असं तुमच्या आहारतज्ज्ञाला पेशंटनी विचारलंच असेल. त्याचं उत्तर ठाम "नाही" असायला हवं, आणि ते खरं असायला हवं. व्यक्तीची रीडिंग कंपनीकडे जाणार नाहीत, फक्त गटाचे आकडे जातील, असं करारातच लिहा. मागितली तरी देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती कशासाठी घेतली तेवढ्यापुरतीच चालते, त्याचा आधार घ्या. आपला नियम ग्राहकाच्या बाजूचाही आहे: क्लेम झाला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, विमा रक्कम वाढवली नसेल तर नव्याने अंडररायटिंगही करता येत नाही. हे पेशंटला समजावून सांगितलंत तर अर्धी भीती जाते.

आता तुम्ही काय करावं. पायलट केलेल्या कंपनीतल्या इनोव्हेशनच्या माणसाला पुन्हा मेल नको. क्लेम्स अ‍ॅनालिटिक्स आणि ग्रुप सेल्स या दोघांची एकत्र भेट मागा. ग्रुपमध्ये पैसे देणारा तिसरा माणूसही असतो, तो म्हणजे एचआर. मोठ्या कंपनीचा एचआर आई-वडिलांच्या वाढत्या प्रीमियमने हैराण असतो आणि तो तुमची फी विमा कंपनीच्या खर्च-मर्यादेबाहेरून, आपल्या बजेटमधून देऊ शकतो. त्याच्यापर्यंत नेणारा ब्रोकर असतो. मुंबईत ग्रुपचे निर्णय बऱ्याचदा ब्रोकरच्या ऑफिसात होतात, म्हणून एका चांगल्या ब्रोकरला आधी पटवा.

पुढचं पायलट नुकत्याच डिस्चार्ज झालेल्या मधुमेह्यांपुरतं ठेवा, आणि सुरू व्हायच्या आधी तीन गोष्टी लिहून सही घ्या: काय मोजायचं, कोणाशी तुलना करायची, आणि अमुक निकाल आला तर किती जणांचा, कोणत्या दराने करार होणार. मोजायचं ते पुन्हा दाखल होणं आणि क्लेमची रक्कम. एचबीए१सी सोबत असू द्या, पण मुख्य नको. तुलना करताना ज्यांना अ‍ॅप देऊ केलं ते सगळे मोजा, न वापरणारेही. निकाल त्याने फिका दिसेल, पण अ‍ॅक्चुअरी त्यावर विश्वास ठेवेल. शंभर जणांत योगायोगही मोठा असतो, तेव्हा जमल्यास दोन-तीन ग्रुप एकत्र करा आणि बारा महिने द्या. फी पहिल्याच बैठकीत सांगा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. वापरणाऱ्यामागे घ्या, आणि वापरणारा म्हणजे कोण हेही ठरवा, उदाहरणार्थ आठवड्यातून किमान दोन रीडिंग.

आईच्या फोनचा प्रश्न सोडवा. साध्या फोनवर मराठीत कॉल, मुलाच्या फोनवर सूचना, आणि रीडिंग घ्यायला घरातला दुसरा कोणी. तुमची आहारतज्ज्ञ हीच तुमची ताकद आहे, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं. सादरीकरणात ती शेवटच्या स्लाइडवर नसावी. अ‍ॅप इन्सुलिनचा डोस सुचवत असेल तर एप्रिल २०२० पासून असं सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येतं, त्याची नोंदणी तपासून घ्या. सुरक्षेचं ऑडिट आधीच करून ठेवा. आयआरडीएआयचे २०२३ चे सायबर सुरक्षेचे नियम कंपनीवर आहेत आणि कंपनी ते व्हेंडरवर टाकते. कितीतरी चांगले करार आयटी सिक्युरिटीच्या प्रश्नावलीत महिनोन्महिने अडकून बसतात.

झालेल्या पायलटचंही सोडून देऊ नका. ज्यांना मेल गेला होता त्या सगळ्यांचे, आई-वडिलांसकट, आधीचे बारा आणि नंतरचे बारा महिने मिळून क्लेमचे आकडे, नावं काढून, गटवार मागा. तो अहवाल बनवायला त्यांच्या टीमला फार वेळ लागत नाही. नकार आला तरी कोणत्या टीमकडून आला ते बघा. त्या टीमच्या प्रमुखाचा वेळ मागायचा.